५३-एन क्रमांकाची बाटली: प्लेगची लस देणाऱ्या हाफकिनवर १९ मृत्यूंचा ठपका कसा आला आणि कसा पुसला गेला?

मुंबईत परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. पोलिओच्या डोसपासून सर्पदंशावरच्या औषधापर्यंत अनेक गोष्टींशी हे नाव जोडलेलं आहे. पण हे नाव ज्या माणसाचं, त्याला एकदा याच वास्तूतून आरोपी म्हणून बाहेर पडावं लागलं होतं. आरोप एका बाटलीवरून झाला होता. त्या बाटलीतली लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली होती.

प्रश्न एकच होता. बाटलीत जंतू गेले कधी? परळच्या प्रयोगशाळेत, की शेकडो मैल दूर पंजाबातल्या एका गावात बूच उघडताना? उत्तर मिळायला जवळपास पाच वर्षं लागली. तोवर वाल्डेमार हाफकिन यांचं काम, पद आणि नाव तिन्ही गेलं होतं.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा, रशियन साम्राज्यातल्या ओडेसा शहरातल्या एका ज्यू कुटुंबातला. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह हे गुरू लाभले. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवणारे आणि पुढे नोबेल मिळवणारे हेच ते मेचनिकोव्ह.

तो काळ रशियातल्या ज्यूंसाठी वाईट होता. वस्त्यांवर हल्ले होत. स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये हाफकिनही होते आणि त्यापायी त्यांनी तुरुंगही पाहिला. हुशार असूनही विद्यापीठात पुढे जायचं तर धर्म बदलावा लागणार होता. त्यांनी नकार दिला. काही वर्षं प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात काम केलं, १८८८ मध्ये देश सोडला आणि जिनिव्हामार्गे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोचले. तिथे जागा होती ती ग्रंथालयातल्या मदतनिसाची. त्यांनी ती घेतली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम सुरू केलं.

१८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते कलकत्त्याला आले. कॉलऱ्याने गावंच्या गावं बसत होती. हाफकिन यांनी गावोगाव फिरून हजारो लोकांना लस टोचली. या धावपळीत त्यांना मलेरियाने गाठलं आणि काही काळ परत जावं लागलं. बरे होऊन ते पुन्हा भारतात आले, तेव्हा मुंबईत वेगळंच संकट उभं होतं.

एक खोली, एक व्हरांडा आणि प्लेग

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एका रुग्णाच्या लक्षणांवरून प्लेग ओळखला. बघता बघता साथ शहरभर पसरली. लाखो लोक गाठोडी बांधून गावाकडे निघाले आणि काहींच्या सोबत प्लेगही निघाला. पुणे, सातारा, नाशिक, खानदेश अशा लाटा पुढे सरकत गेल्या. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा खानदेशातच मोडत होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सरकारने हाफकिन यांना मुंबईला धाडलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना मिळालं काय, तर एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर प्लेगची लस शोधायची होती.

त्यांची कल्पना सोपी होती, काम अवघड होतं. प्लेगचे जंतू मोठ्या प्रमाणात वाढवायचे, मग मारायचे आणि ते मेलेले जंतू माणसाला टोचायचे. मेलेला जंतू आजार करत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख करून देतो. पुढे खरा जंतू आला की शरीर तयार असतं.

जंतू वाढवायला मांसाचं सूप लागतं. इथल्या लोकांच्या धार्मिक भावना लक्षात घेऊन त्यासाठी बकऱ्याचं मांस वापरलं गेलं. सुपावर तुपाचे किंवा तेलाचे थेंब सोडले की त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू छतावरून लोंबणाऱ्या झुंबरासारखे खाली वाढतात, हे हाफकिन यांच्या लक्षात आलं. ही प्लेगच्या जंतूची खूणच ठरली. काही आठवडे वाढ झाली की ते सूप सुमारे ६५ अंश सेल्सियसला तासभर तापवायचं आणि त्यात ०.५ टक्का कार्बोलिक ॲसिड घालायचं. कार्बोलिक म्हणजे फिनॉल, त्या काळचं हमखास जंतुनाशक.

हे दोन टप्पे लक्षात ठेवायला हवेत. उष्णता जंतू मारण्यासाठी होती आणि कार्बोलिक पहारा देण्यासाठी. पुढची सगळी गोष्ट या पहारेकऱ्याभोवती फिरते.

सशांवर प्रयोग यशस्वी झाले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसदेखील आधी स्वतःला टोचून घेतली, तीही १० घन सेंटिमीटर, म्हणजे पुढे लोकांना दिल्या जाणाऱ्या डोसापेक्षा कितीतरी जास्त. ताप आला, टोचल्या जागी ठणका लागला, पण त्यांनी काम थांबवलं नाही. सूप ढवळायला सुरुवात झाल्यापासून जेमतेम तीन महिने झाले होते.

लस चालते हे सिद्ध कसं करायचं?

स्वतःला टोचून घेणं हे धाडस झालं, पण त्यातून एवढंच कळतं की लस घेऊन माणूस मरत नाही. ती प्लेगपासून वाचवते का, हे कळायला तुलना लागते.

ती संधी भायखळ्याच्या तुरुंगात मिळाली. जानेवारी १८९७ च्या अखेरीस तिथे प्लेग शिरला. कैद्यांपैकी सुमारे निम्मे स्वेच्छेने लस घ्यायला तयार झाले, बाकीच्यांनी घेतली नाही. सगळे एकाच भिंतीआड, एकच अन्न खाणारे, एकाच हवेत राहणारे. टोचणीच्या दिवशीच आजारी असलेले तिघं सोडले, तर पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी २ जणांना झाला आणि दोघेही वाचले.

त्याच वर्षी पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दमणमध्ये लस घेतलेल्या २,१९७ लोकांपैकी ३६ मेले. न घेतलेल्या ६,०३३ लोकांपैकी १,४८२ मेले. म्हणजे एकीकडे शंभरात दोनही नाहीत आणि दुसरीकडे शंभरात चोवीस.

तरीही शंका काढता येत होती. लस घेणारे मुळातच सावध, खातेपिते असतील तर? यावर उत्तर म्हणून १८९८ मध्ये बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात आणखी काटेकोर प्रयोग झाला. प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस द्यायची आणि निम्म्यांना नाही. एकच छप्पर, एकच चूल. पुढे ज्या २८ घरांत प्लेग शिरला, तिथल्या लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना तो झाला आणि २६ मेले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना झाला आणि ३ मेले.

आज जंतुनाशक औषधाची कुठलीही चाचणी याच तत्त्वावर चालते. औषध भरलेली, शरीरात हळूहळू विरघळणारी पातळ फिल्म जखमेवर किंवा हिरडीत बसवायची असेल, तर आधी तिची परीक्षा होते. काचेच्या थाळीत जेलीसारख्या पोषक थरावर जंतू पसरतात. त्यावर औषध असलेल्या फिल्मचा तुकडा ठेवतात आणि शेजारी औषध नसलेल्या कोऱ्या फिल्मचा. रात्रभर उबेत ठेवल्यावर औषधाच्या तुकड्याभोवती जंतू नसलेलं स्वच्छ कडं दिसतं आणि ते मिलिमीटरमध्ये मोजतात. कोरा तुकडा नसेल, तर जंतू औषधाने हटले की फिल्मच्या पदार्थाने, हे सांगता येत नाही. भायखळ्यातले लस न घेतलेले कैदी आणि उंढेऱ्यातली उरलेली निम्मी माणसं हा त्या प्रयोगांतला कोरा तुकडा होता. फरक इतकाच, की इथे मोजणी माणसांच्या जिवाची होती.

अविश्वासाच्या काळात सुई

आकडे बोलत होते, पण लोक सरकारवर चिडलेले होते. प्लेगच्या नावाखाली घरं तपासली जात, बायकामुलांना ओढून छावण्यांत नेलं जाई, सामान जाळलं जाई. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने मुंबईतल्या आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी गोळी झाडली.

अशा वातावरणात गोऱ्या साहेबाच्या हातची सुई कोण टोचून घेणार? लसीत काय काय घातलंय याच्या अफवा रोज नव्या निघत. हाफकिन यांचा सरकारी अधिकाऱ्यांपेक्षा वेगळेपणा इथे दिसतो. ते जबरदस्तीच्या विरोधात होते आणि लोकांसमोर स्वतःला टोचून घ्यायची त्यांची तयारी असे. आगाखान यांनी त्यांना उघड पाठिंबा दिला, स्वतः लस घेतली आणि माझगावातली खुश्रू लॉज ही जागा प्रयोगशाळेसाठी दिली. खोजा समाजातले हजारो लोक मग पुढे आले.

१० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हलली. एका खोलीत सुरू झालेलं काम आता गव्हर्नरच्या जुन्या निवासस्थानी पोचलं होतं.

३० ऑक्टोबर १९०२

पंजाबात प्लेग भडकला आणि तिथल्या सरकारने प्रचंड संख्येने लस मागितली. जुन्या पद्धतीने एवढी लस वेळेत होणं शक्य नव्हतं. हाफकिन यांनी पद्धत बदलली. सुपाऐवजी जेलीसारख्या अगारवर जंतू वाढवले की काम झपाट्याने होई. या नव्या पद्धतीत जंतू फक्त उष्णतेने मारले जात आणि कार्बोलिक घातलं जात नसे.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. पाच बाटल्या वापरल्या. आठवडाभराने त्यातल्या १९ जणांचे जबडे आखडू लागले. तो धनुर्वात होता आणि सगळे १९ मेले. हे सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटलीचा क्रमांक ५३-एन. बाकी चार बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

धनुर्वाताचा जंतू साधा नाही. तो माती-शेणात असतो आणि अडचणीच्या वेळी टणक कवचाच्या बीजाणूत शिरून बसतो. ६५ अंशांची उष्णता त्याला पुरत नाही, काही वेळ उकळूनही तो तग धरू शकतो. सौम्य कार्बोलिकनेही बीजाणू मरतीलच असं नाही, मात्र त्याची वाढ रोखली जाते. जंतू मरणं आणि जंतूची वाढ थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झोपलेला जंतू मेल्यासारखाच दिसतो.

चौकशी

मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याचा निष्कर्ष असा की बाटली उघडण्यापूर्वीच दूषित होती, म्हणजे दोष परळचा. कार्बोलिक वगळण्याचा निर्णय हाफकिन यांच्या विरोधात गेला. त्यांना संचालकपदावरून दूर करण्यात आलं आणि १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले.

आयोगासमोर आणखी एक गोष्ट आली होती. मुल्कोवालला ५३-एन बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर तापवून निर्जंतुक न करता नुसता कार्बोलिकमध्ये बुडवून पुन्हा वापरला गेला. जमीन म्हणजे माती आणि माती म्हणजे धनुर्वाताच्या बीजाणूंचं घर. तरीही या गोष्टीला महत्त्व दिलं गेलं नाही.

हाफकिन शास्त्रज्ञ होते, राजकारणी नव्हते. त्यातून ते परदेशी, ज्यू आणि वैद्यकीय पदवी नसलेले. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या काही डॉक्टरांना हा माणूस आधीपासूनच खुपत होता. फ्रान्समध्ये निर्दोष ज्यू अधिकारी ड्रेफस यांना अडकवल्याचं प्रकरण तेव्हा ताजं होतं. पुढे अनेकांनी हाफकिन यांच्या प्रकरणाला छोटं ड्रेफस प्रकरण म्हटलं.

पुरावा काय सांगत होता?

चौकशीचे कागद १९०६ च्या सुमारास उघड झाले आणि जंतुशास्त्रज्ञांनी ते वाचायला घेतले. मलेरियाचा डासांशी संबंध शोधणारे रोनाल्ड रॉस त्यांत पुढे होते. कोड्याचे तुकडे जागेवर बसू लागले.

५३-एन बाटली परळला भरल्यापासून ४१ दिवसांनी उघडली गेली होती. धनुर्वाताचे जंतू तेव्हाच आत असते, तर बंद बाटलीत, कार्बोलिकचा पहारा नसताना, इतक्या दिवसांत ते भरपूर वाढले असते. अशा वाढीला घाण वास येतो. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला तसा वास आला नव्हता.

दुसरा मुद्दा वेळेचा. ४१ दिवसांच्या वाढीनंतर बाटलीत धनुर्वाताचं तयार विष साचलं असतं आणि ते टोचल्यावर लक्षणं लवकर दिसली असती. इथे ती आठवडाभराने दिसली. म्हणजे शरीरात तयार विष नव्हे, तर थोडे ताजे बीजाणू गेले आणि ते आत वाढले, असाच अर्थ निघत होता. बोट पुन्हा जमिनीवर पडलेल्या त्या चिमट्याकडे वळत होतं.

ज्या कार्बोलिकच्या अभावाने हाफकिन यांना दोषी ठरवलं, तोच अभाव आता त्यांच्या बाजूने साक्ष देत होता. पहारेकरी नसताना चोर ४१ दिवस आत असता, तर त्याने गोंधळ घातलाच असता. गोंधळ नव्हता, याचा अर्थ चोर नुकताच आत आला होता.

२९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये रॉस आणि त्यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सहीचं पत्र छापून आलं. हाफकिन यांच्यावरचा आरोप पुराव्यानिशी खोडला गेला असल्याचं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. त्याच वर्षी सरकारला त्यांना दोषमुक्त करून परत बोलवावं लागलं.

निर्दोष, पण परळ नाही

हाफकिन परत आले ते कलकत्त्याला. परळची जागा भरलेली होती. ज्या प्रयोगशाळेची त्यांनी एका खोलीतून उभारणी केली, तिथे त्यांना स्थान उरलं नव्हतं. कलकत्त्यात संशोधनाची मुभा मिळाली, लस बनवण्याचे जुने अधिकार नाही मिळाले. १९१४ च्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात गेले.

उरलेलं आयुष्य त्यांनी एकट्याने काढलं. लग्न केलं नव्हतं. धर्माकडे ओढा वाढला आणि आयुष्यभराची बचत त्यांनी ज्यू धर्मशिक्षणाच्या संस्थांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं.

त्याआधी एक गोष्ट मात्र झाली. १९२५ मध्ये परळच्या संस्थेचे तत्कालीन संचालक मॅकी यांच्या पुढाकाराने संस्थेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं. तोवर मुंबईतून प्लेगच्या लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले होते. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

गोष्ट आज का आठवायची?

मुल्कोवालच्या १९ घरांचं दुःख खरं होतं आणि कुणाच्या दोषमुक्तीने ते भरून आलं नाही. त्या घटनेचा धडा मात्र आजही रोज वापरात आहे. लस, सलाईन, इंजेक्शन किंवा औषधी फिल्म असो, जंतू मारणारा टप्पा आणि जंतू मेल्याची खात्री करणारा टप्पा वेगवेगळा तपासला जातो. बीजाणू मारायला १२१ अंशांची दाबाखालची वाफ वापरतात. प्रत्येक खेपेतले नमुने पोषक द्रवात ठेवून १४ दिवस वाट पाहतात, कारण झोपलेला जंतू उठायला वेळ घेतो. प्रत्येक खेपेचा क्रमांक नोंदला जातो, म्हणजे काही बिघडलं तर नेमकी बाटली शोधता येते. ५३-एन हा क्रमांक लिहिलेला नसता, तर १०७ पैकी १९ जणच का मेले हे कुणालाच उलगडलं नसतं आणि संशय सगळ्याच लसीवर गेला असता.

प्रयोगशाळेत कितीही काळजी घेतली, तरी शेवटचा माणूस जिथे बूच उघडतो तिथपर्यंत औषधाचा प्रवास संपत नाही. नंदुरबारच्या सातपुड्यातल्या पाड्यावर लसीची पेटी खांद्यावर घेऊन चढणारी नर्स प्रत्येक वेळी नवी सुई फोडते आणि खाली पडलेली वस्तू बाजूला टाकते. ती ५३-एन बाटलीच्या हकिगतीतलीच सर्वात महत्त्वाची गोष्ट करत असते.